भरती, पुन्हा भरती

राजापूरहून साडेआठची एसटी,
पिशवीत पेनड्राइव्ह, दोन केबली, डब्यात घावणे.
नाट्याच्या मच्छीमार सोसायटीत
कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर असतो,
कारण खाडी एकदा खालच्या मजल्यावर येऊन गेली आहे.

नाझनीन सोलकर म्हणाली,
मेल येतात. कॅलेंडर मात्र फोनवर अर्धंच जातं.
अर्धं म्हणजे?
अर्धं म्हणजे अर्धं.
परवा दुपारच्या भरतीला तीन होड्या आत आल्या
आणि बर्फाची गाडी आलीच नाही.
गाडीवाला समुद्र बघत नाही, फोन बघतो.
अकरा टब बांगडा गेला.
हे तिने असं सांगितलं की
मला माझेच हात हुंगावेसे वाटले.

मी क्रमाने सुरुवात केली.
मेल बंद, मेल चालू.
अॅड-इनच्या यादीत नाव आहे, समोर टिचकी आहे.
पासवर्ड बरोबर. घड्याळ बरोबर, तेही आपल्याच देशाचं.
मग काढून पुन्हा बसवू म्हटलं.
काढायला गेलो तर म्हणे, असं काही इथे नाही.
बसवायला गेलो तर म्हणे, ते तर आधीच आहे.
असा एक चुलता आमच्याही सातबाऱ्यावर आहे.

शेवटी निघालं. बसलं.
हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली
आणि लिहून आलं: यशस्वी.
या शब्दावर मी वीस वर्षं पोट भरतोय,
विश्वास ठेवत नाही.
फोन पाहिला. अर्धंच.

बाकावर लतीफ कोतवडेकर बसले होते,
ऐंशीच्या आसपासचे,
डिझेलच्या परताव्याचा कागद चार घड्या घालून हातात.
काय शोधताय? म्हणाले.
भरतीची वेळ, मी म्हटलं, सोपं करून.
आज चाँद पाचवा.
पाचाची पाऊणपट करा. पावणेचार.
ह्याला वीज लागत नाही.
मी विचारलं, पावणेचार पहाटेचे की दुपारचे?
घाटावरच्या जावयाकडे बघावं तसं
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
दोन्ही.
दर्या काय दिवसातून एकदाच येतो?

चहा थंड होऊ दिला मी.
सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत:
एकसारख्या नोंदी गाळाव्यात.
टिचकी होती.
तारीख तीच, नाव तेच, भरती,
जागा तीच, खाडीचं तोंड.
पहिली ठेवलेली, दुसरी फेकलेली,
रोज, ऑक्टोबरपासून, न चुकता.
ज्याने हे लिहिलं त्याचं चुकलं नाही काही.
त्याला एकाच माणसाचे चार वाढदिवस दिसले असतील
आणि त्याने घर आवरावं तसं आवरलं असेल.

टिचकी काढली.
फोन थरथरू लागला.
भरती, भरती. भरती, भरती.
नाझनीन मोजत होती ओठांनी,
मग म्हणाली, पुरे, कळलं.

पण ती टिचकी कॅलेंडरपुरती नव्हती.
पत्त्यांच्या वहीतही एकेक माणूस
आपल्या सावलीसारखा परत येऊ लागला.
दोन हमदुले. दोन रुकय्या.
लतीफ कोतवडेकर,
आणि त्याखाली लतीफ कोतवडेकर.
आजा आणि नातू. नाव एक, घर एक.
नातू दोहाला, जहाजावर.
सहा महिने परताव्याचे मेसेज तिकडे जात होते
आणि हे दर सोमवारी
कागद घेऊन या बाकावर.

चाचा उठून जवळ आले.
चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, तरी वाचता येईना.
ह्यातला मी कोणता? वरचा की खालचा?
नाझनीनला सांगता येईना.
मला तर नाहीच.
तिने वरचा नंबर लावला, स्पीकरवर ठेवला.
वाजू लागला.
आम्ही तिघेही
त्यांच्या खिशाकडे बघत उभे.