संप्लवन

एप्रिलात नवी वही काढली तेव्हा
डांबरगोळी भरली तीन पूर्णांक नऊ ग्रॅम.
सातवी ब, रुवी. प्रयोगशाळेचा एसी अठरावर,
बशी मात्र खिडकीबाहेर, कट्ट्यावर, उन्हात.
पलीकडे डोंगर, करपल्या भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसे.
दर रविवारी पहिल्या तासाला वजन करायचं,
तारीख घालून लिहायचं. एवढाच प्रयोग.
ते काम एल्दोसनं मागून घेतलं,
त्याला चिमटा आवडायचा म्हणून.

मी चिपळूणला शिकले, मराठीतून.
अजून डोक्यात आधी बाष्पीभवन येतं, सांद्रीभवन येतं,
मग ओठांवर इंग्रजी.
मधला अर्धा क्षण मी द्रवरूप असते.
मुलांना ते कळत नाही.
फिझा खोतला कळतं. तिचं आजोळ हर्णैचं.
व्हरांड्यात कुणी नसलं की हळूच म्हणते,
मॅडम, आज तुम्ही परत अडकलात.

सांद्रीभवन इथं शिकवावं लागत नाही.
ऑगस्टात गार बसमधून उतरली
की चष्मेवाली सगळी पोरं फाटकाशी
आंधळी होऊन उभी राहतात, हात पुढे करून,
आणि बिनचष्म्याची त्यांना ओढत नेतात.
पुस्तकातल्या जलचक्रात एक नदी आहे, निळी.
ती कुठं असते विचारलं तर अर्धा वर्ग
नळाकडे बोट दाखवतो.
चूक म्हणवत नाही.
त्यांचा समुद्र पाइपातून गोड होऊन येतो.

पण मी संप्लवनाचं सांगत होते.
स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणं.
फळ्यावर दोन चौकोन, मध्ये एकच बाण.
एल्दोसनं हात वर केला:
मधे थोडा वेळसुद्धा थांबत नाही?
नाही म्हटलं.
एक मिनिट तरी?
त्यानंतर तो बशीवर नाक टेकून बसायचा,
गोळी ओली होताना पकडायची म्हणून.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तो आला नाही.
बुधवारी ऑफिसातून कळलं, दाखला नेला.
वडील घालाला क्रेन चालवायचे, कंपनी बंद झाली,
व्हिसाचे दिवस संपले.
एका संध्याकाळीत घर विकलं.
सायकल फिझाच्या भावाला, पाच रियालला,
घंटीसकट.
कुणी रडताना दिसलं नाही. निरोपाचा केक नाही,
माझ्याकडे द्यायची राहिलेली लायब्ररीची दोन पुस्तकं नाहीत,
तीही वेळेवर परत केलेली.
हजेरीपटावर लाल रेघ,
सतराव्या नंबरानंतर एकोणिसावा.

दोन रविवार वहीत कोरे आहेत.
चिमट्याला कुणी हात लावेना.
मग फिझा उठली.
त्याच्या सातांना मधून आडवी रेघ असायची,
तिच्यांना नाही. तेवढाच फरक,
बाकी आकडे आपले उतरत गेलेले.

काल पेपर तपासायला घेतले.
प्रश्न पाचवा: संप्लवनाची दोन उदाहरणं द्या. गुण दोन.
बहुतेकांनी लिहिलंय कापूर, डांबरगोळी.
फिझानंही तेच, इंग्रजीत, नीट,
आणि खाली, समासाला चिकटून,
पेन्सिलीनं, देवनागरीत:
एल्दोस.

लाल पेन बराच वेळ उघडं राहिलं.
पदार्थ हवा, माणूस नव्हे, असं लिहायला हवं होतं.
लिहिलं नाही.
दोन उदाहरणांना दोन गुण.
तिसऱ्याला गुणच नव्हते, तर कापणार काय.

आज रविवार. गोळी मसुराएवढी झालीय,
काटा शून्य पूर्णांक एक दाखवतो, मधेच शून्य.
फिझानं विचारलं, काय लिहू?
म्हटलं, दिसतंय ते लिही.
तिनं चिमटा कपाटात ठेवला, कुलूप लावलं,
आणि वर्गात जाताना
दोनदा बोटं हुंगली.