चौदा नंबर

सियागंजात आमच्या दुकानाच्या भिंतीला
एकोणीस शिड्या टेकलेल्या असतात.
बांबूच्या अकरा, लोखंडी सहा,
दोन अॅल्युमिनियमच्या, त्या ओळखीशिवाय देत नाही.
घरात शिडी, गल्ल्यावर नसैनी,
वहीत नुसता नंबर.

चौदा नंबर भुवान कटाराने नेली.
रंगवाला, झाबुआकडचा.
आधार कार्ड ठेवून, तीस रुपये रोज.
नववी पायरी तारेने बांधलेली, मला माहीत होतं.
त्यालाही. तार अंगठ्याने दाबून पाहिली त्याने,
म्हणाला, चल जाएगी.
मीही मान हलवली असणार.

बंगाली चौकापलीकडे दुमजली घर,
छज्जाखालचा शेवटचा हात राहिलेला.
शिडी धरायला ठेवलेल्या पोराला
घरमालकाने दूध आणायला पिटाळलं होतं.
तेरा फूट.
तेरा फुटांनी काय होतंय, शेजारचा नळवाला म्हणाला.

दोन्ही टाचा फुटल्या, मी घरी सांगितलं.
आई म्हणाली, थंडीच आहे तशी,
कोकमतेल लावायला सांग.
मग माझ्याकडे बघून गप्प झाली.
टाचा, आणि कंबरेचा एक मणका.
एम. वाय. हॉस्पिटलात, जमिनीवरच्या गादीवर.

शिडी तिथेच पडून राहिली बारा दिवस.
बारा त्रिक छत्तीस, वर शून्य.
हिशोब मी केला नाही, तो आपोआप होतो,
लहानपणी पाढे पाठ केलेल्या माणसाचा.

तेराव्या दिवशी थावरी आली. त्याची बायको.
पुढचं टोक तिच्या खांद्यावर, मागचं त्या पोराच्या,
टेम्पोचे पैसे वाचवत, भर रस्त्यातून.
पदराची गाठ सोडली, तीनशे साठ मोजले.
कार्ड मागितलं.
आठव्या पायरीवर पांढऱ्या रंगात
अर्धं पाऊल उमटलेलं, बोटांकडचं.
नौवीं बदल देना, एवढंच बोलली.

पैसे घेतले नाहीत असं सांगायला बरं वाटलं असतं.
एका दिवसाचे घेतले.
तो चढला होता त्या दिवसाचे.

पायरी बदलली. नवा बांबू अजून हिरवट आहे,
बाकीच्यांत उपरा दिसतो.
काल शटर अर्धं ओढून मी स्वतः चढले,
पहिल्यांदाच, या दुकानात बावीस वर्षं बसून.
चौथ्या पायरीवर गुडघे बोलायला लागले.
माळ्यावर काकांची जुनी छत्री दिसली, तिच्यावर धूळ.
खाली बघितलं.
कुणीच धरलेली नव्हती.