कमी दाब

एकच तुकडा, साडेचार मिनिटांचा,
आणि उजागरेसरांकडे तो सहा जणांनी वाजवलेला.
नावं जिभेवर बसेनात, म्हणून सरांनीच बारसं केलेलं.
पहिला कॅशिअर :
एक नोट कमी नाही, एक जास्त नाही,
मोजून, रबर लावून, खिडकीतून बाहेर.
मॉस्कोची ती मावशी :
डाव्या हाताने पातेली आपटणार
आणि उजव्याने, त्याच वेळी,
झोपलेल्या लेकराची जट सोडवणार.
मग एक सर्कसवाला, एक डॉक्टर, एक नुसताच श्रीमंत.
सहाव्याला नाव नव्हतं.
त्याची कॅसेट लावताना सर चष्मा काढून ठेवायचे.

मोहननगर. मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
शनिवारी रेल्वेच्या अकाउंट्समधून अर्ध्या दिवसाने सुटून
मी सायकल हाणत त्यांच्या ओसरीवर.
आत वाळ्याचा ओला वास, माठातलं पाणी,
आणि सरांचं बोट हवेत :
"आता ऐक. इथं सगळे पळून राहिले.
बर्डीवरून शेवटची बस सुटून राहिली जशी.
हा बघ. हा थांबला.
काहून थांबला? वरचा सूर अजून विझला नाही म्हणून.
बोटं तर सगळ्यांनाच असतात बे."

आणि खरंच,
दोन्ही हात पियानोच्या दोन टोकांना पांगलेले असताना
तो सावकाश खाली यायचा,
गुडघे दुखणारा माणूस पायरीवर टेकतो तसा,
एक हात आधी, मग बाकीचं अंग.
सूरसुद्धा किंचित उतरायचा.
मी एकदा विचारलं, सूर कसा उतरेल, सर?
पियानो काय सतार आहे?
ते म्हणाले, "चहा घे."

सर जाऊन अकरा वर्षं झाली.
कॅसेटींचा खोका माझ्याकडे आला.
परवा पुतण्याने तोच वादक, तेच रेकॉर्डिंग
फोनवर काढून दिलं. स्वच्छ. धूळ नाही, खरखर नाही.
त्या जागी आला
आणि थांबला नाही.
इतरांसारखाच पळाला, बस धरली, गेला.
चारदा लावलं. चारदा गेला.

मग खोका उपसला. कव्हरवर सरांचं बारीक अक्षर :
१४ मे ८७, दुपारी ३.१०. रेकॉर्डवरून.
रेकॉर्ड प्लेअर विजेवर. टेप सेलवर.

तीन दहा.
म्हणजे जेवणं आटोपून
मोहननगरचे, सदरचे, छावणीचे सगळे कूलर एकदम चालू.
बल्ब हळदीसारखा पिवळा पडला असणार,
तबकडीला धाप लागली असणार,
आणि सातासमुद्रापलीकडचा तो घाईतला माणूस
आमच्या वीज मंडळाच्या कृपेने
तेवढा एक श्वास थांबला असणार.

सरांना हे ठाऊक नव्हतं?
कॉन्व्हेंटचा पियानो चाळीस वर्षं लावणारा माणूस,
केसाएवढी तार सैल झाली तर
प्रार्थनेतून उठून जाणारा,
त्याला पाव सूर उतरलेला कळला नसेल?
मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला.
दर वेळी तो चहाच आठवतो,
बशीत ओतून पुढे सरकवलेला.

काल दुपारी पुन्हा फोनवरचं लावलं.
ती जागा जवळ आली तसा
मी उठलो आणि उगाचच
कूलरचं बटण दाबलं.