शीट नंबर चार, सुधारणा सातवी

पहिली जागा मसणवट्याला लागून होती.
बारा एकर, जवळजवळ फुकट.
"तिकडं कोण तक्रार करणार नाही," साहेब म्हणाले,
आणि खरंच, तिथलं कुणी करत नव्हतं.

दुसरी रेल्वेच्या रुळापासून दोनशे मीटर.
सिस्टर होसमनींनी
नकाशा उलगडायच्या आधीच मान हलवली.

तिसरी ही. खानापूरच्या अलीकडे,
बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याची.
लाल माती, एक धुरांडं,
चिखल उपसून उपसून झालेला खड्डा,
त्याच्या काठाला टिटव्या.
समोर रस्ता, रस्त्यापलीकडे हायस्कूल,
आणि हायस्कूल आहे म्हणून ग्रामसभेत अडीच तास.

"आमच्या पोरी त्या रस्त्यानं जातात."
"कंपाउंड किती फूट?"
"बोर्डावर वरती कुठली भाषा?"
या शेवटच्या प्रश्नावर दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली
आणि वेड्यांचं (शब्द त्यांचाच)
तासभर कुणाला भय उरलं नाही.

मी गप्प.
मांडीवर कागदाच्या गुंडाळीत चाळीस खाटा.

आमच्याकडे भांडणात सहज म्हणतात,
ह्याला धारवाडला धाडा.
माझ्या शेवंती आत्याला खरंच धाडलं होतं,
पहाटेच्या बसनं, कानाला मफलर बांधून.
गल्लीत सांगितलं, गोव्यात दिली.
दर दिवाळीला आई
तिच्या नसलेल्या सासरची खुशाली सांगायची.
एका वर्षी तर तिला मुलगाही झाला.

नियम मला पाठ आहेत.
हूक नको. पडद्याची दांडी वजनानं निखळणारी.
नळ आखूड, काच न फुटणारी,
न्हाणीचं दार बाहेर उघडणारं.
मरणाला कुठं टेकायला जागा ठेवायची नाही,
एवढं सगळं कोष्टकात आहे.
बाकीचं नाही.

म्हणून कल्लाप्पा घाडींना बोलावलं.
सुतार. अकरा वर्षांपूर्वी सतरा महिने आत होते.
चहा बशीत ओतून म्हणाले,
"भिंत पांढरी नको.
पांढऱ्या भिंतीवर काय बी दिसतंय.
घड्याळ एकच लावा, पण चालू ठेवा.
आमच्या वॉर्डात साडेनऊच वाजलेले होते,
सतरा महिने."

सिस्टर म्हणाल्या, रात्रपाळीला एक म्हातारी
जाळीला धरून एकच सांगायची,
मनीगी होगबेकु, मनीगी होगबेकु.
मी मराठीतनं ऐकलं. मनी,
म्हणजे मनात जायचंय तिला,
आणि डायरी काढली.
"नाही ओ," सिस्टर म्हणाल्या, "मनी म्हणजे घर.
बैलहोंगलला. शेळ्या होत्या तिच्या."
डायरी परत ठेवली.

काल जागेवर चुना मारला.
वॉर्डाचे कोपरे, दारं,
खाटेखाटेला एक खुंटी.
कल्लाप्पा फिरत फिरत चौथ्या खुंटीशी थांबले,
चपला काढल्या,
आणि गवतात आडवेच झाले, हात पोटावर,
जिथं उशी येणार तिथं डोकं.
सिस्टर धावल्या. मी ओळंबा तसाच धरून.

"खिडकीची उंची किती घेतलाय?"
"साडेतीन फूट."
"दोन करा.
पडल्यापडल्या रस्ता दिसूदे.
कोण येऊलालाय ते दिसूदे."

"आणि कोणी आलंच नाही तर?"
विचारायला नको होतं.

ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.
हायस्कूल सुटलं होतं.
पोरी सायकली हातात धरून
आमच्याकडेच बघत उभ्या होत्या,
एक माणूस चुन्याच्या चौकटीत निजलाय म्हणून.
त्यातल्या एकीनं हात केला.

कल्लाप्पांनी झोपूनच हात वर केला.

मी शीटवर साडेतीन खोडलं.
बोर्डाचा चौकोन अजून रिकामा आहे.