सेड्रिकचा बूट

शनिवारी मेक्सबरोच्या कामगार क्लबात कार्यक्रम,
आणि गॅरेजमध्ये दोन ड्रमसेट माझ्याकडे बघत बसलेत,
एकाच दिवशी दोन स्थळं सांगून यावीत तसे.

एक अडुसष्ट सालचा.
मॉल्टबीच्या मिसेस हॅटर्सलींनी दिला, नवरा गेल्यावर.
चारशे पौंड, आणि अट: विकायचा झाला तर आधी मला सांग.
कधीकाळी चंदेरी, आता
सिगारेटच्या धुरानं चहाच्या रंगाचा.
पातळ पापुद्र्यांचं लाकूड,
काठी पडली की आवाज आधी जरा विचार करतो,
मग पोटातून बोलतो.
पण टॉमचा खिळखिळा दांडा तिसऱ्या गाण्याला मान टाकतो,
आणि पायातला मोठा ड्रम
दर ठोक्याला बोटभर पुढे सरकत
थेट गायिकेच्या टाचेपर्यंत जातो.
बेव्हर्ली म्हणते, हा माझ्या मागे लागलाय.

दुसरा गेल्या वर्षीचा. बर्चचा, काळा.
प्रत्येक सांध्याला कुलूप,
अंधारातही अकरा मिनिटांत उभा.
एकदा लावला की डिसेंबरातही उतरत नाही.
टक् म्हटलं की टक्,
पुढे एक अक्षर नाही.
दिवसभर रॉदरमच्या इस्पितळात मी लोकांची हाडं बघते;
हा सेट तसा एक्स-रे आहे.
सगळं दिसतं, मांस सोडून.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
ते सोनं क्लबाच्या मागच्या लोखंडी जिन्यानं
पावसात वर नेलेलं नसतं.
रसेल, आमचा गिटारवाला, खाली उभा राहून सांगतो:
गाणी त्या काळची, तर लाकूडही त्याच काळचं हवं.
(मी मनात भाषांतर करते: नऊवारीखाली स्पोर्ट्स शूज नकोत.)
त्याचा स्वतःचा अँप्लिफायर मात्र ब्लूटूथवाला.

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही मांडले.
एकच गाणं, एकदा यावर, एकदा त्यावर.
रसेलनं डोळे मिटून ऐकलं,
बेव्हर्लीनं फोनवर रेकॉर्ड केलं,
आणि खरं सांगू? फोनवर दोन्ही सारखेच,
पत्र्याच्या डब्यात वाटाणे.

सेड्रिक काही बोलला नाही.
एकाहत्तर वर्षांचा, बेस वाजवतो.
तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढल्यावर कानांचं काय उरणार?
दोन्हीकडे यंत्रं; गाणं सुरू झालं की काढून खिशात.
इतके दिवस मला वाटायचं, हा माझ्या हातांकडे बघून वाजवतो.
बुधवारी नीट पाहिलं.
डावा बूट मोठ्या ड्रमच्या कडेला टेकवलेला,
टाच जमिनीवर, चवडा लाकडावर,
सुईणीनं पोटावर हात ठेवावा तसा.

नव्या सेटवर त्यानं तो बूट दोनदा हलवला,
मागे, मग पुढे,
नाडी सापडत नसल्यासारखा.
माझा टक् त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच संपत होता.
कडव्याच्या शेवटी सम हुकली, अर्ध्या मात्रेनं.
त्यानं माझी माफी मागितली.
त्यानं, माझी.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर विकत आणलं:
गालिच्याचा तुकडा, चार मीटर दोरी,
टॉमच्या दांड्यासाठी रबरी वॉशर.
नव्याचं पेडल जुन्याला लावलं.
हॅटर्सलींनी आत कोंबलेलं ब्लँकेट
थोडं ओढलं, थोडं परत सारलं,
पखवाजाची कणीक कमी-जास्त करावी तसं,
घुमारा मोकळा होईपर्यंत.
मग दोरीचं एक टोक ड्रमला, दुसरं माझ्या स्टुलाला.
आता सरकलाच, तर दोघं मिळून बेव्हर्लीच्या मागे लागू.

रसेलला वाटतं, वादात तो जिंकला.
वाटू दे.
सेड्रिकला मी फोडून काही सांगितलेलं नाही.
एवढंच म्हटलं, शनिवारी पातळ तळव्याचे बूट घालून ये.
"काय?" म्हणत त्यानं
खिशात हात घातला.