आठवं साधन : इतर

एप्रिलचा रविवार, देवणी. कूलरमध्ये पाणी नाही,
नुसताच फरफरतो.
पलंगावर सत्तावीस लेकरांचं वर्ष पसरून बसलेय.
वर्णनात्मक नोंदी उद्या केंद्रावर द्यायच्या.
ग्रुपवर कुणीतरी तयार वाक्यं टाकलीत,
दीडशे, विषयवार :
आवडीने वाचन करते. गटात सहकार्य करतो.
परिसराविषयी कुतूहल दाखवते.
मी उतरवतेय. शिवलीला कुतूहल दाखवते,
तौफिकही दाखवतो. सहा नंबरपासून
अख्खा वर्गच कुतूहल दाखवायला लागलाय
आणि माझं अक्षर बिघडत चाललंय.

चौदा. मन्मथ काशिनाथ बिरादार.
लेखी : चाळीसपैकी तीन.
तोंडी काम : तोंड उघडलंच नाही.
येतंय का रे? मान हो.
मग सांग की. मान खाली.

गणिताच्या पेपरला मात्र मी पाहिलं होतं.
शेजारच्या सायराचा भागाकार अडलेला, डोळे भरलेले.
एकशे चार लाडू, आठ घरं.
यानं खिशातला मळका रुमाल काढला,
तिच्या हातावर टाकला,
आणि खालून बोटं दाबली :
एक. जरा थांबून, तीन.
सायरानं लिहिलं तेरा.

मी ओरडले नाही. का, ते नोंदवही विचारत नाही.
सायराला दोन गुण दिले.
याची तीच जागा कोरी होती, तिथं शून्य.

याचा बाप बैलबाजारात दलाल.
गेले होते एकदा सहज.
ठिपक्यांचा शेवरा खोंड उभा. गिऱ्हाइकानं दात पाहिले,
पाठीवरून हात फिरवला, दहा पावलं चालवला,
वळवून परत चालवला.
इतकं करून आकडा कुणी मोठ्यानं बोललं नाही.
उपरण्याखाली बोटं बोलली.
काशिनाथअप्पाच्या मांडीला खेटून मन्मथ :
कापडाच्या आतलं त्याला दिसत असावं.

परवा शुक्रवारी सुट्टीनंतर थांबवला त्याला.
रुमाल माझाच.
एकशे शहात्तर भागिले अकरा, म्हटलं,
आणि हात कापडाखाली सरकवला.
खडूनं फुटलेल्या माझ्या बोटांवर
एक. थांबला. मग पाच, आणि एक.
अवघड दिलं. अपूर्णांक दिला.
पावणेदोन त्यानं कसे दाबले ते सांगता येणार नाही,
पण कळले.

हेडसर म्हणाले, बाई, तुमचं खरं हाय,
पण माप सगळ्यांला एकच पायजे.
उद्या सत्तावीस रुमाल येतील,
मी सही कशावर करू?
त्यांचंही चूक नाही.
सायराला भागाकार येतो का,
हे मला अजून ठाऊक नाही.

निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम,
प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय.
आठवा रकाना : इतर. नखाएवढा.
'बोटांनी भागतो' लिहिलं. खोडलं,
केंद्रप्रमुख हसतील.
'हिशेब पक्का, आवाज सापडलेला नाही' लिहिलं.
कुणाला सापडलेला नाही?
तेही खोडलं. आता कागद पातळ झालाय,
पलीकडचा तेरा नंबर दिसायला लागलाय.

शुक्रवारी जाता जाता,
मी रुमालाची घडी घालायच्या आधी,
त्यानं माझी करंगळी धरून तळव्यात मिटवली.
दोनदा.
गणित तर दिलंच नव्हतं.
मी सवयीनं म्हटलं, बरोबर.
तो पहिल्यांदाच हसला, आणि पळाला.

बाजार सकाळी सातला भरतो,
नोंदी अकराला द्यायच्यात.
करंगळीचा अर्थ अप्पाला विचारून येते आधी.
तोवर चौदाची ओळ तशीच.

पंधरा. गंगासागर. कुतूहल