फट

रात्री दीड वाजता कन्नमवार नगरात
शिरसाटांच्या दुकानाचं शटर अर्धं वर.
आत आम्ही सहाजण, एक पंखा,
आणि तिकडे कुठल्याशा देशात दुपार,
कोऱ्या बुटांतला एक माणूस मंचावर चालत येतो.

पडद्यावर धुकं. धुक्यात तलवार.
"तोच आहे! अरे तोच आहे!"
झुबेर खुर्चीवर चढला,
मेल्विननं माझी मान धरून हलवली,
वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली आपटली.
सात वर्षं वाट पाहिली होती या भागाची,
मध्ये दोन नोकऱ्या गेल्या, बाबांचं डायलिसिस सुरू झालं.

मग यंत्र आलं. पांढरं, सपाट,
गोल गोल फिरवून दाखवलं त्यांनी.
किंमत आली तशी हेमांगी मोबाइलवर हिशेबाला बसली,
बारा हप्त्यांत भागून पाहिलं,
मग चोवीस.

शिरसाट तेवढे पुढे सरकले, चष्मा कपाळावर.
"परत फिरव," म्हणाले,
जणू तो माणूस ऐकणार होता.
"डिस्क कुठून घालायची?"

कुणी बोललं नाही.
मागे रॅकवर चारशे डिस्क,
प्रत्येकीवर स्केचपेननं नंबर,
दिवसाला तीस रुपये,
ओरखडा पडला की ते स्वतः टूथपेस्ट लावून पुसायचे.

झुबेर खुर्चीवरून उतरला.
"रंग बरा आहे," शिरसाट म्हणाले,
आणि वही उघडली.
"एकशे बारा नंबर कुणाकडे आहे रे?
मंगळवारपासून यायचीय."

माझ्याकडे होती.
शेवटचा राक्षस मरत नव्हता.

"असू दे," म्हणाले.
"आधी मार त्याला."